ठाणे ते बेलापूर: उन्हाळ्यात रोजच्या वाटेवर सापडलेल्या गोष्टी

शाईपेन | १६ एप्रिल, रात्री १०:१२

उन्हाळ्यात माणूस सावली धरून चालतो, म्हणजे भिंतीला लागून चालतो. आणि भिंतीला लागून चाललं की भिंतीवरचं वाचलं जातं. पावसाळ्यात माझी नजर डबक्यांवर असते, त्यामुळे माझी वही दरवर्षी एप्रिल-मेमध्येच भरते. नौपाड्यातून बेलापूरला रोज जाते, काम ग्राफिक डिझाइनचं, दिवसाचे नऊ तास पडद्यासमोर. उरलेल्या वेळात डोळ्यांना जे मिळतं ते वहीत.

आज १६ एप्रिल. १८५३ साली याच दिवशी दुपारी ३:३५ वाजता बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी ४०० माणसांना घेऊन ठाण्याकडे निघाली, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. आज लवकर सुटले आणि त्याच सुमाराला ठाण्याला नऊ नंबरवर उतरले, तेव्हा ती वेळ पहिल्यांदा अंगाला कळली. एप्रिलातली साडेतीनची उन्हं! पहिल्या गाडीची चित्रं पाहताना आता मी आधी खिडक्या आणि छपरं पाहणार.

तर आजची पहिली नोंद: कैऱ्या.

जांभळी नाक्याला एका मावशींच्या टोपलीत पाटी खोचलेली होती. शाळकरी पाटी, खडूची अक्षरं: ‘लोणच्याच्या कैऱ्या’. त्यातला तो य ला चिकटलेला र चा आडवा फराटा इतका सहज आणि नेमका होता की मी थांबून पाहत राहिले. तिथून वीस पावलांवर एका दुकानाचा चकचकीत फ्लेक्स: ‘कैर्या व मसाले मिळतील’. य च्या डोक्यावर रफार. वाचायचं कसं? ‘कैर्-या’. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना वंदन करतात आणि आचाऱ्यांना जेवण किती माणसांचं ते सांगतात. एवढा फरक त्या एका फराट्यात आहे. खडू धरणाऱ्या हाताला तो ठाऊक होता. फ्लेक्स ज्या संगणकावर झाला तिथे तो कुणी शोधलाच नाही.

दुसरी नोंद नौपाड्यातल्या जुन्या तीन-चार मजली इमारतींची. दारावरच्या सिमेंटच्या उठावाच्या अक्षरांतली नावं तुम्हीही पाहिली असतील: स्मृती, छाया, कृपा या धाटणीची. ही अक्षरं बहुतेक वेळा भिंतीच्याच रंगात रंगवलेली असतात. ढगाळ दिवसात ती जवळजवळ नाहीशी होतात. पण आत्ता, सूर्य डोक्यावर असताना, प्रत्येक आडव्या रेषेखाली सावलीची काळी पट्टी पडते आणि नाव रस्त्याच्या पलीकडून वाचता येतं. ज्या गवंड्याने ती घडवली त्याने शाई म्हणून ऊन वापरलं असं मला वाटतं. उठाव किती ठेवायचा, कड किती धारदार काढायची, हे त्याला माहीत असणारच. उठाव कमी असलेली नावं आत्ताही पुसट दिसतात, मी मुद्दाम तपासलं.

अजून एक. इंग्रजी नावाची अक्षरं सुटी बसवावी लागतात आणि एखादं गळून पडतं. देवनागरीत शिरोरेषा सगळ्या शब्दाला धरून ठेवते. गजाला कपडे वाळत घालावेत तशी अक्षरं एका पट्टीला लटकलेली असतात. पन्नास वर्षांनी सुद्धा शब्द अख्खा राहिलाय तो त्यामुळे.

तुम्हाला काय सापडलं या उन्हाळ्यात? वस्तू, रंग, अक्षर, एखादी बसायची जागा, काहीही चालेल. फोटो नसला तरी चालेल, पण कुठे आणि किती वाजता पाहिलंत ते नक्की लिहा. उन्हाळ्यात वेळेला महत्त्व आहे.


चौथी_सीट | १६ एप्रिल, रात्री ११:०५

ताई, सगळं वाचलं, पण आधी हे सांगा की फोनवर तो फराटा काढायचा कसा? मी आयुष्यभर ‘दुसर्या’ लिहीत आलोय.


शाईपेन | १६ एप्रिल, रात्री ११:२०

साधा र न घेता खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, मग पायमोड, मग य. ऱ + ् + य = ऱ्य. बहुतेक कीबोर्डांवर र दाबून धरला की ऱ मिळतो. ह साठीही तेच: कऱ्हाड, वऱ्हाड, कुऱ्हाड.


पिंपळपार | १७ एप्रिल, सकाळी ६:५०

मी छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचं काम केलेला माणूस आहे. आमच्या केसमध्ये (खिळ्यांच्या खणांच्या पेटीत) त्या अर्ध्या र ला स्वतंत्र घर होतं. खिळे कमी पडले की मजकूर थांबायचा, पण रफार लावून वेळ मारून नेलेली आमच्या हेडकंपोझिटरला चालत नसे. मजकूर परत यायचा. तेव्हा राग यायचा, आज तुमचं लिहिलेलं वाचून त्यांची आठवण आली.

तुम्ही ल आणि श यांच्याकडेही लक्ष द्या. मराठी ल ला दोन पाकळ्या असतात. हिंदी वळणाचा ल दंडाला टेकलेला असतो. मराठी श ला देठ असतं, हिंदी श ला गाठ. २००९ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असं स्पष्ट म्हटलं आहे. तरी नव्या पाट्या पाहा. २०२२ मध्ये कायदा बदलला, लहान दुकानांनाही मराठी पाटी आली आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको असं ठरलं. अक्षरं मोठी झाली हे चांगलंच झालं. पण मोठी झाल्यावर त्यांचं परकं वळणही मोठं दिसू लागलं.

पूर्वी आमच्या घरी रविवारचा पेपर आला की मी आधी नाटकांच्या जाहिराती पाहायचो, त्या कमल शेडग्यांच्या अक्षरांसाठी. प्रत्येक नाटकाचं नाव वेगळ्या अंगाने उभं असायचं. गडकरी रंगायतनला कुठलं नाटक लागलंय हे अक्षराच्या वळणावरूनच लक्षात राहायचं. २०२० साली शेडगे गेले. ती कात्रणं मी जपून ठेवली आहेत.


चौथी_सीट | १७ एप्रिल, सकाळी ९:३१

एक शंका, मनापासून विचारतो. हे सगळं जुन्याचं कौतुक होत नाही ना? संगणकावर अक्षर बिघडतं, हातात नीट राहतं, असं सरसकट म्हणता येईल का?


शाईपेन | १७ एप्रिल, दुपारी १:४५

नाही म्हणता येणार, आणि बरं झालं विचारलंत. मी स्वतः संगणकावरच अक्षरं लावते. विंडोजमधला ‘मंगल’ ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी आधी सुलेखनकार होते. हातातलं वळण घेऊनच ते संगणकाकडे गेले. आजचे ‘मुक्त’, ‘बलू’ हे ‘एक टाइप’ या अक्षररचना करणाऱ्या संस्थेचे फॉन्ट तर कुणालाही फुकट वापरता येतात आणि त्यांत कारागिरी आहे. बऱ्याच नव्या फॉन्टांत मराठी ल आणि श आत ठेवलेलेच असतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की ते पुढे येतात, नाहीतर हिंदी वळण दिसत राहतं. एक यादी उघडून एक शब्द निवडायचा, एवढंच काम. ते सांगणारं हेडकंपोझिटरसारखं माणूस आता शेजारी बसलेलं नसतं, आणि मला खुपतं ते हेच.


करवंद | १७ एप्रिल, रात्री ८:१८

मी माठाबद्दल लिहिते. ऐरोलीला राहते. लाल मातीचा, नळ बसवलेला माठ आणला, दोन दिवस पाणी भरून मुरवला, ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला. पाणी जेमतेम गार. आजोळी नागपूरला याच दिवसांत माठातल्या पाण्याने दात ठणकतात! माती वेगळी असते का?


तामण | १७ एप्रिल, रात्री ९:०२

करवंदताई, मातीचा थोडा भाग आहे, पण मुख्य फरक हवेचा. माठाच्या अंगातल्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते, वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त. नागपुरात ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर पाणी अशा रीतीने साधारण २२ अंशांपर्यंत उतरू शकतं. आपल्याकडे ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना ते २८ च्या खाली जाणारच नाही. म्हणजे खाडीकाठच्या माठाला निसर्गानेच मर्यादा घातली आहे.

पण ओट्याचा कोपरा बदला. खिडकीत, वारा लागेल पण ऊन लागणार नाही अशा जागी, तिवईवर ठेवा म्हणजे बुडालाही हवा मिळेल. बाहेरून ओलं फडकं गुंडाळा. आणि आतून साबणाने घासू नका, छिद्रं बुजतात. तेलकट किंवा रंगवलेला माठ दिसायला छान, पण त्याचं अंग बंद झालेलं असतं.


करवंद | १९ एप्रिल, सकाळी ७:१५

तिवईवर, उत्तरेच्या खिडकीत ठेवला. फरक आहे! पाण्याला मातीचा वासही आता लागतोय. आणि माझी सापडलेली गोष्ट ही: जुन्या घरांत खिडकीच्या तळाशी जो रुंद दगडी कट्टा असायचा, तो माठासाठी किती योग्य होता हे मला आत्ता कळलं. आमच्या फ्लॅटच्या खिडकीला काठ म्हणून चार बोटं जागा आहे.


ओटीवरून | २० एप्रिल, दुपारी ४:४०

शाईपेन, बेलापूरला येता तर स्टेशनवरून ऑफिस आणि परत एवढंच करू नका. सेक्टर ८ मध्ये आर्टिस्ट व्हिलेजमध्ये या, मी तिथे लहानाची मोठी झाले.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी १९८३ ते ८६ च्या दरम्यान ही वसाहत आखली, साधारण ५५० कुटुंबांसाठी. लोक वास्तुरचनेच्या पुस्तकात पाहून येतात आणि घरं शोधतात. खरं पाहायचं ते अंगण. सात घरं एका ८ मीटर लांब-रुंद अंगणाभोवती. अशी तीन अंगणं मिळून २१ घरं, त्यांच्यामध्ये १२ मीटरचा चौक. मग त्याहून मोठा. घराची जागा लहान, ४५ ते ७५ चौरस मीटर, पण एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामायिक नाही. पैसे साठले की आपापलं घर आपल्याला वाढवता यावं म्हणून. आणि लोकांनी वाढवलं! माझ्या बाबांनी आधी पत्र्याची पडवी काढली, मग वरची खोली. आज मूळ रूपातली घरं थोडीच उरली आहेत. बाहेरून आलेले लोक याची हळहळ करतात. मला तसं वाटत नाही, वाढता येणं हाच तर त्या आराखड्याचा हेतू होता.

अंगण मात्र अजून अंगणच आहे. लहानपणी दुपारी आमचा खेळ सावलीबरोबर सरकायचा. सकाळी पश्चिमेच्या घरांपुढे ऊन, पूर्वेच्या घरांपुढे सावली, चारनंतर उलट. कुठल्या काकूंच्या पायरीवर किती वाजता बसायचं हे आम्हाला घड्याळाशिवाय माहीत होतं. आठ मीटर म्हणजे पलीकडच्या दारातून आईने हाक मारली तर आवाज न चढवता ऐकू येतो. हे माप मी आता मोठेपणी पुस्तकात वाचलं, पण कानाला ते आधीपासून ठाऊक होतं.


शाईपेन | २१ एप्रिल, रात्री १०:३०

आज गेले होते. साडेचारला पोचले, साडेसहाला निघाले. ओटीवरून, तुमचं पायऱ्यांचं वेळापत्रक खरं ठरलं. एका अंगणात दोन आजी, सायकलचं चाक काढून बसलेला एक मुलगा आणि भाजी निवडणाऱ्या तिघी, सगळे एकाच सावलीच्या पट्ट्यात. मी पट्ट्याची रुंदी पावलांनी मोजली, पाच वाजता साधारण तीन पावलं, सहाला जवळजवळ अख्खं अंगण.

ऑफिसात आम्ही पडद्यावर मोकळी जागा सोडतो आणि ग्राहक विचारतो, इथे काय टाकणार? त्याला आता मी हे अंगण दाखवणार आहे.


घणसोलीची_सून | २२ एप्रिल, दुपारी ३:२०

माझी नोंद सोऱ्याची. (बघा, यातही तो फराटा आहे!) सासूबाईंचा पितळी सोऱ्या, माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा. एकच नळी, एकच दट्ट्या आणि आठ चकत्या: बारीक शेव, जाड शेव, चकलीची चांदणी, कुरडईची जाळी अशा. नवीन काही करायचं तर नवीन यंत्र घ्यायला नको, चकती बदलली की झालं. परवा कुरडया घातल्या. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून, शिजवून. गरम चीक दाबताना हाताला चटका बसू नये म्हणून मुठी दोन्ही बाजूंना लांब काढलेल्या आहेत, आणि जोर खांद्यातून येतो, मनगटातून नाही. हे मी इतक्या वर्षांत लक्ष देऊन कधी पाहिलं नव्हतं, धागा वाचून पाहिलं.

दुःख एवढंच की वाळवायला गच्ची नाही. सोसायटीने कुलूप लावलं. सकाळी नऊ ते दुपारी चारचं ऊन असं वाया जातं. आम्ही खिडकीच्या ग्रिलमध्ये ताटं ठेवून वाळवलं, तिथे ऊन दोनच तास.


तामण | २२ एप्रिल, संध्याकाळी ७:४५

वहिनी, गच्चीचा विषय काढलात म्हणून. जुन्या गच्च्यांवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवलेले असत, चायना मोझॅक. खाली विटांच्या तुकड्यांचा कोबा उतार देऊन घातलेला, वर हे तुकडे. कोबा पाणी वाहून नेतो आणि पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, म्हणून वरच्या मजल्यावरचं घर कमी तापतं. शिवाय तुकडे लहान असल्याने उन्हाने फुगले-आकसले तरी मोठी भेग जात नाही. कारखान्यातला फुटका माल होता तो! आता बऱ्याच इमारतींत त्यावर काळपट थर ओततात आणि वरच्या मजल्यावरचे लोक दुसरा एसी घेतात. सोसायटीच्या सभेत कुणीतरी हे बोलायला हवं. मी आमच्याकडे बोललो, दोनदा. तिसऱ्यांदाही बोलणार आहे.

आणि माझ्या नावाला जागून: तामण फुललाय. महाराष्ट्राचं राज्यफूल, पण लोक गुलमोहोरच पाहतात. जांभळा रंग दुपारी उन्हात फिका दिसतो, सकाळी सातच्या आत पाहा. बहावा आणि सोनमोहोर यांतही गल्लत होते. दोन्ही पिवळे, पण बहाव्याचे घोस खाली लोंबतात, सोनमोहोराचे तुरे वर उभे असतात.


करवंद | २३ एप्रिल, सकाळी ८:०५

रंगावरून आठवलं. ऐरोलीच्या खाडीत रोहित (फ्लेमिंगो) अजून आहेत. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसरचा दर्जा मिळाला, पण सांगायचं ते वेगळं. जवळून पाहिलं की एकही पक्षी दुसऱ्यासारखा गुलाबी नाही. पिल्लं राखाडी, मधले पांढुरके, मोठे गडद. रंग शेवाळातून आणि कोळंबीसारख्या बारीक जिवांतून पिसांत उतरतो. म्हणजे खाडीत काय आहे ते त्यांच्या अंगावर लिहिलेलं असतं. शहरातल्या भिंतींवर आपण त्यांना एकाच गुलाबी डब्याने रंगवतो. रंगवणाऱ्यांनी एकदा तरी ओहोटीच्या वेळी खाडीवर जावं असं फार वाटतं.


चौथी_सीट | २३ एप्रिल, रात्री ९:५०

मीही पाहायला लागलोय. तुर्भ्याला डब्यात एक काका आंब्याची लाकडी पेटी घेऊन चढले. पट्ट्यांमध्ये बोटभर फटी, आत पेंढा, बाजूला स्टेन्सिलने मारलेलं गावाचं नाव. पेटी मांडीवर होती आणि अख्ख्या डब्याला कळलं की हापूस चाललाय. फटींतून आंब्याला हवा मिळते, ते ठीक. पण वासालाही वाट मिळते. बंद पुठ्ठ्याच्या खोक्यातून वास असा येत नाही. काकांना विचारलं, रिकाम्या पेटीचं काय करता? म्हणाले, दोन पेट्या एकावर एक ठेवून नातवाचं पुस्तकांचं कपाट केलंय.


पिंपळपार | २५ एप्रिल, सकाळी ६:४०

शाईपेन, तुम्हाला एक सांगायचं आहे. आमची इमारत पुनर्विकासाला गेली. मे अखेर सगळ्यांना घरं रिकामी करायची आहेत. दारावरचं नाव सिमेंटचं आहे, तुम्ही लिहिलंत तसंच. नावात पाकळीचा ल आहे, शिरोरेषा अंगठ्याएवढी जाड. मी रोज त्याखालून जातो आणि इतक्या वर्षांत कधी वर हात लावून पाहिला नव्हता. काल शिडी लावून पाहिला. ल च्या दोन पाकळ्या एकसारख्या नाहीत, डावी जरा मोठी आहे. खाली उभं राहून पाहिलं की सारख्या वाटतात.

अक्षरं काढून ठेवता येतील का असं ठेकेदाराला विचारलं. तुकडे होतील म्हणाला.


शाईपेन | २५ एप्रिल, सकाळी ७:२५

काका, तोडण्याआधी छाप घेऊ या. मोठा पातळ कागद अक्षरांवर ताणून बसवायचा, चारी बाजूंना कागदी चिकटपट्टी, आणि मेणाचा खडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवायचा. उठावाच्या कडा काळ्या उमटतात, मूळ मापातच. डावी पाकळी किती मोठी तेही कायमचं राहील. शिडी तुमच्याकडे आहे, कागद आणि खडू मी आणते. उन्हात मेण मऊ पडतं आणि पसरतं, म्हणून सकाळी लवकर करायला हवं. तेव्हा ऊनही तिरकं असतं, फोटोत उठाव नीट येईल. सेक्रेटरींची परवानगी तेवढी घेऊन ठेवाल का?


पिंपळपार | २५ एप्रिल, सकाळी ७:४०

सेक्रेटरी मीच आहे. रविवारी साडेसहाला या.


ओटीवरून | २५ एप्रिल, सकाळी ८:१०

मी बेलापूरहून पहिल्या गाडीने येते. शिडी धरायला कुणीतरी लागेलच.


चौथी_सीट | २५ एप्रिल, सकाळी ८:१२

मीही. कागद किती लांब लागेल? काका, नाव किती अक्षरी आहे?


पिंपळपार | २५ एप्रिल, सकाळी ८:३०

चार अक्षरी. टेपने मोजलं, शिरोरेषा सव्वासहा फूट. अखंड आहे, कुठेही तडा नाही.